पिकल्या फळाचा वास

"तिनं चोरून फळ खाल्लंय," द्वारकाबाईंनी डॉक्टरीणबाईंना ठणकावून सांगितलं. "हरतालिकेचा कडक उपास. आमच्या घरात पाणीसुद्धा चालत नाही. आणि सकाळी हिच्या तोंडाला पिकल्या फळाचा वास. मग साखर चढेल नाहीतर काय होईल?"

कोथरूडच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागाच्या दाराशी त्या उभ्या होत्या. मागे मुलगा सुदर्शन. आत सून राजनंदिनी, तोंडात नळी, डोळे मिटलेले.

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, की इन्सुलिन शेवटचं कधी घेतलं होतं.

ते सांगायला द्वारकाबाई अजिबात कचरल्या नाहीत. इन्सुलिनचं पेन त्यांनीच उचलून आपल्या कपाटात ठेवलं होतं. पोटात अन्नाचा कण नाही आणि साखर उतरवायची सुई टोचून घ्यायची, म्हणजे चक्कर येऊन पडायचंच लक्षण. एवढं तर शाळेची पायरी न चढलेल्यालाही कळतं. पोरीनं मागितलं, त्यांनी दिलं नाही. उलट्या सुरू झाल्या, तेव्हा पित्त म्हणाल्या. धाप लागली, तेव्हा नाटक म्हणाल्या. वास आला, तेव्हा मात्र शेजारणींच्या देखत म्हणाल्या, उपास मोडलास तो मोडलास, वर देवीसमोर खोटं बोलतेस. राजनंदिनी नाही नाही म्हणत राहिली. मग म्हणेनाशी झाली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"आजी, साखर नुसती खाण्यातून येत नाही. माणूस उपाशी राहिला की त्याचं लिव्हर स्वतः साखर करतं. तिथली एन्झाइम्स कामाला लागतात. आता पुरे, असं त्यांना सांगतं ते इन्सुलिन. हिच्या अंगात ते तयारच होत नाही, आणि सुईतून जायचं तेही बंद झालं. मग साखर होत राहिली, वाढत राहिली, अन् शरीराला मात्र ती वापरता येईना. शेवटी चरबी जळायला लागली. तो वास त्याचा. पिकल्या फळासारखाच येतो."

"म्हणजे फळ..."

"नळी घालून पाहिलं आम्ही. पोटात काही नव्हतं."

सुदर्शननं खाली मान घालून विचारलं, आता कशी आहे. साखर उतरलीय, डॉक्टर म्हणाल्या, पण मेंदूला फार सूज आली आहे. घरच्यांना बोलावून घ्या.

द्वारकाबाईंनी पदर सावरला.

"तिला एवढं सांगाल का, की तिनं उपास मोडला नव्हता हे मला कळलं म्हणून?"

"तिला आता ऐकू येत नाही, आजी."

द्वारकाबाई चपला काढून आत गेल्या. काचेतून सुदर्शनला दिसत होतं, आई सुनेच्या कानाशी वाकली होती आणि तिचे ओठ हलत होते. थांबत नव्हते.