खारट पिठी

गावाच्या सहकारी स्वयंपाकघरात कुळीथ सभासदांच्या शेतातले आणि हात यंत्राचे. पण त्या हातांना कुळथाची पिठी शिकवली होती दामोदर परबांच्या बायकोनं, सुहासिनीनं, मरणाआधी. गप्पांच्या नादात ती मीठ घातलेलं विसरायची आणि उकळी आली की पुन्हा घालायची. यंत्रानं तेही उचललं होतं.

परब रोज दुपारी खिडकीशी येत, वाटी तोंडाला लावत आणि संसारभर बायकोपाशी जे कुरकुरत आले तेच त्या हातांपाशी कुरकुरत, "आजपण खारट केलंस गो!" मग वाटी चाटूनपुसून संपवत.

आज पहिल्याच भुरक्याला ते थांबले.

"ही कोणी केली?"

"यंत्रानंच, काका," वाढणारी शर्वरी कौतुकानं म्हणाली. "सभासदांच्या तक्रारी ऐकून ते सुधारतं. खारट म्हणणारे तुम्ही एकटेच, तरी ऐकलं बघा! आता मीठ एकदाच."

"पहिल्यासारखी करेल परत?"

"चुकलेलं ते ठेवत नाही, काका. पुसून टाकतं."

परबांनी वाटी पुन्हा ओठांना लावली. मीठ अगदी बरोबर होतं.

"बरी झालीय गो," ते खिडकीतल्या त्या हातांना म्हणाले. सुहासिनीला हे त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं.