चौथं पान

अर्ज पाच वाजेपर्यंत जायचा होता. सरकारी अनुदान हवं असेल, तर बळ कधी आणि किती वापरायचं याची नियमावली वाचल्याची सही प्रत्येक पोलिसाने करायची होती. अमेरिकेतल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पोलीस ठाण्यातली कारकून डेलोरा शेजारच्या काउंटीची नियमावली जशीच्या तशी छापून टेबलाटेबलावर फिरली.

"मावशी, माझी किडनी तर लिहून घेत नाहीस ना?" पोलीस शिपाई ट्रेंटने डेलोराला विचारलं.

"तुझी कोण घेणार? वाचत बसू नकोस रे, शेवटच्या पानावर सही ठोक."

आठ मिनिटांत अकरा सह्या झाल्या. अनुदान मिळालं, नवी गाडी आली.

सहा महिन्यांनी ट्रेंट कोर्टात उभा होता. परगावाहून येणाऱ्या एका तरुणाला त्याने रस्त्यात अडवलं होतं. झटापटीत ट्रेंटने त्याचा गळा आवळला आणि तो मेला.

"चौथ्या पानावर गळा आवळायला साफ मनाई आहे," सरकारी वकील म्हणाले. "शेवटी सही तुमचीच ना?"

"माझीच. पण मी वाचलं नव्हतं."

"का?"

ट्रेंटने पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिथे मेलेल्या तरुणाची आई त्याचा फोटो मांडीवर घेऊन बसली होती.

"मावशीनेच सांगितलं होतं," तो म्हणाला, "वाचत बसू नकोस म्हणून."