पट्टीवरची दुसरी रेघ

पहिली थप्पड इतक्या जोरात बसली, की सून स्टुलावरून घसरून थेट दवाखान्याच्या फरशीवर आली. सातव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी सावरत ती भिंतीशी सरकली. सासूनं पुन्हा हात उगारला.

"सटवे, कुठं तोंड काळं केलंस? बोल!"

"मावशी, मागं व्हा!" सिस्टर मध्ये पडली. सुनेच्या बोटातून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीवर सुकत होता आणि शेजारी दोन रेघा उमटल्या होत्या, म्हणजे आजार होताच. बाहेर थांबा म्हटलं तर ऐकेल ती सासू कसली! दार ढकलून ती आत घुसली आणि नेमकं 'गरमी' हे गुप्तरोगाचं नाव तिच्या कानावर पडलं. मग काय, आगीत तेलच.

मागोमाग लेक आला. टेम्पो चालवणारा, धिप्पाड गडी. "दोन पोरं आधीच गिळलीस," तो बायकोवर गुरगुरला, "आणि वर हे थेर?" त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला दाराकडं ओढायला लागला. "चल, माहेरी टाकतो. तिकडंच मर."

सासूला बरं वाटलं. लेक असावा तर असा.

"अहो, इंजेक्शन तरी घेऊ द्या तिला!" सिस्टर ओरडली. "आज टोचलं तर हे मूल वाचेल. आधीची दोन बहुतेक ह्यानंच गेली. पोटातच मारतो हा आजार. आणि कुणाचा कुणाला लागला, ते पट्टी सांगत नाही. तुमचंही रक्त बघायचंय."

"माझं?" लेकानं सिस्टरला असा धक्का दिला, की तिच्या हातातला ट्रे उडाला. सुया, कापूस, सगळं फरशीभर झालं.

सासू मात्र जागच्या जागी थिजली होती.

"पोटातच मारतो? हातीपायी धड असलेली पोरं?"

"हो, मावशी."

"बाईनं जन्मात परक्या पुरुषाकडं मान वर करून बघितलं नसलं, तरी?"

"तरीही. नवऱ्याकडून येतो की."

तेवढ्यात सून किंचाळली. लेकानं तिला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं होतं. सासूच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तिनं लोखंडी स्टूल उचललं आणि लेकाच्या पाठीत घातलं. तो वळला, तसा दुसरा घाव मनगटावर. वेणी सुटली.

"आई गं! वेड लागलं का तुला? बाजू कुणाची घेतेस?"

"गप! बूड टेकव तिथं." तिनं त्याला कानाला धरून बाकावर आदळलं. "सिस्टर, आधी तिला टोचा, मग ह्याचं रक्त काढा. हलला तर डोकंच फोडते."

सिस्टरनं नवी सुई घेतली आणि सुनेला कुशीवर निजवून टोचलं. औषध दाट होतं, हळूहळू आत जात होतं. सून ओठ चावत कण्हत राहिली. तिच्या गालावर पाच बोटं लालभडक उठली होती. ती आपलीच, हे बघून सासूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ह्याच्या आधी माझी तीन गेली," ती म्हणाली. "पांढऱ्या पायाची म्हणून सासू मला जळक्या लाकडानं बडवायची. मलाही तेच खरं वाटायचं. तेव्हा हे औषध निघालं नव्हतं ना गं?"

सिस्टरनं सुई काढली, कापूस दाबून धरला.

"औषध होतं, मावशी. जुनंच आहे. पण गावोगावच्या एकेका बाईला तपासत बसणं परवडत नाही, असं वरचे म्हणायचे."

सासूच्या हातात स्टूल अजून तसंच होतं.

"असं होय," ती म्हणाली. "आणि माझी तीन परवडली?"