ती सीट राहू दे

सुनेने शेवटचा पट्टा दातओठ खात आवळला आणि जीपवरून खाली उडी मारली. झालं! दातांची खुर्ची, कॉम्प्रेसर, जनरेटर, पाण्याची टाकी, हत्यारांची पेटी, सगळा दवाखाना त्या टीचभर गाडीत मावला होता. तिने खुर्ची धरून हलवून पाहिली. गाडी हलली, खुर्ची हलली नाही. सुनेला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. तिने खरंच पिटल्या.

डोंगरावरच्या वस्तीला तिने शब्द दिला होता. तिथली माणसं दुखरा दात वर्षानुवर्षं तोंडात सांभाळून बसत, कारण खाली यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. मोठी गाडी त्या वाटेने चढत नव्हती. म्हणून ही छोटी, चारही चाकांनी जोर लावणारी जीप. आज पहिलं शिबिर होतं आणि सकाळपासून दातांच्या या डॉक्टरीणबाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

गाडीची जोडणी केली होती सासूने. गॅरेज सासूचंच होतं. अख्खं गाव तिला नटबोल्टबाई म्हणायचं, अर्थात तिच्या पाठीमागे. बाई अंगाने भारदस्त आणि बोलायला महाकंजूष. "आई, मी दवाखानाच वरती नेते," असं सून म्हणाली तेव्हा सासूने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

"एकटीच?" एवढंच विचारलं.

एकटीच जावं लागणार होतं. मदतनीस मुलीला वळणांचा रस्ता नुसता आठवला तरी मळमळायचं आणि नवऱ्याला रजा मिळत नव्हती.

"बघते," म्हणून सासू जीपखाली शिरली, ती जेवणापुरतीच बाहेर येऊ लागली.

जड ते सगळं तिने अगदी तळाशी बसवलं. टपावर साधी चादरसुद्धा ठेवू दिली नाही. "वर जड झालं की गाडी वळणावर लोळण घेते," हे तिचं त्या दिवसांतलं सगळ्यात लांबलचक भाषण. दोघींचं वाजलं ते एकदाच. ड्रायव्हरशेजारची सीट काढून तिथे पाण्याची टाकी ठेवू, असा सुनेचा आग्रह होता. केवढी जागा फुकट जात होती! सासूने हातातला पाना न थांबवता सांगितलं, "ती सीट राहू दे." टाकी गेली मागे. सून दोन दिवस धुसफुसली आणि मग उत्साहाच्या भरात विसरून गेली.

आता उरली होती फक्त पाणसळ. गवंड्याकडे असते ना, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, तीच. या गॅरेजचा नेम असा की गाडी पूर्ण भरायची, चालवणाऱ्याला जागेवर बसवायचं आणि गाडीत पाणसळ आडवी ठेवून बघायची. बुडबुडा मध्यावर आल्याशिवाय सासू कुणालाही किल्ली देत नसे, मग गिऱ्हाईक कितीही थयथयाट करो.

सून स्टिअरिंगसमोर बसली. बायकोला निरोप द्यायला म्हणून कामाला उशीर करून थांबलेल्या नवऱ्याने मागच्या फळीवर पाणसळ ठेवली.

"काय म्हणतोय बुडबुडा?"

नवऱ्याने पट्टी उचलून पुन्हा ठेवून पाहिली.

"अरे, बोल ना!"

"पळालाय. पार त्या टोकाला. गाडी तुझ्या बाजूला कलतेय."

सून उतरून मागे आली. टाकी, कॉम्प्रेसर, जनरेटर, जे जे जड ते सगळं ड्रायव्हरच्याच बाजूला होतं. हे आधी कसं दिसलं नाही? निदान कॉम्प्रेसर तरी पलीकडे सरकवावा म्हणून तिने पाना उचलला आणि वाकून पाहिलं. नटबोल्टबाईने एकही नटबोल्ट वापरला नव्हता. सगळं वेल्डिंग करून टाकलं होतं.

सगळा जन्म गाड्यांत घालवलेली बाई अशी चूक करेल? शक्यच नाही. म्हणजे हे मुद्दाम. तोंडाने नाही म्हणायचं नाही आणि गाडीच अशी करून ठेवायची की ती दाराबाहेर पडूच नये! रागाने सुनेचे डोळे भरून आले. वरती माणसं सुजलेले गाल धरून तिची वाट बघत असतील.

"आई!" ती ओरडली. "आई, आधी बाहेर या!"

उत्तरादाखल आला खडखडाट. गॅरेजचं शटर खाली येत होतं. भर सकाळी! नवऱ्याने आ वासला. कामाच्या दिवशी हे शटर खाली आलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

बाजूच्या दाराने सासू आली. हात घासून धुतलेले, केस चापूनचोपून बसवलेले, अंगावर ठेवणीतले कपडे आणि खांद्याला एक फुगलेली पिशवी.

"गाडी कलतेय," सून म्हणाली. "तुम्ही मुद्दाम केलंत ना हे?"

"मुद्दामच केलं. बस जागेवर."

त्या आवाजापुढे कुणाचं काही चालत नसे. सून मुकाट्याने जाऊन बसली. सासूने गाडीला वळसा घातला, पलीकडचं दार उघडलं, पिशवी पायाशी ठेवली आणि आपला सगळा भारदस्तपणा शेजारच्या सीटवर टेकवला. स्प्रिंगा कुरकुरल्या. गाडी हळूच सरळ झाली.

"मधोमध!" मागून नवरा किंचाळला. "आई, अगदी मधोमध आलाय बुडबुडा!"

सासूने किल्ली काढून सुनेच्या हातात दिली.

"येणारच. पहिल्या दिवसापासून माझं वजन धरूनच बसवलंय सगळं."