मुळात काय होतं

तायपेईतल्या त्या व्हिडिओ गेमच्या दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर दीडशे माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि मिन सांगहोला आयुष्यात पहिल्यांदाच टाळ्या थांबवण्यासाठी हात वर करावा लागला.

घरी, सोलमध्ये, त्याचा हा संगणकावरचा खेळ सपशेल पडला होता. सात राज्यं, राक्षस, शापित तलवारी, साठ तास पुरेल एवढी कथा, सगळी त्याने एकट्याने लिहिलेली. तिथल्या खेळणाऱ्यांचं मत एकच: चित्रं झकास, लिखाण सरकारी परिपत्रक. इथे सगळं उलटं होतं.

"लढाया रटाळ आहेत," पहिल्या रांगेतला माणूस उभा राहून म्हणाला. चाळिशीचा, टेम्पो चालवणारा. "घोडा तर गाढवाच्याही मागे राहतो. पण लिहिलंय काय! असं लिखाण मी कुठल्या खेळात वाचलेलं नाही."

"पहिले दहा तास झोप येते," मागून एक विद्यार्थी ओरडला.

"तुला वाचायला येत नसेल!" कोणीतरी त्याला गप्प केलं. हशा पिकला.

शेजारी बसलेल्या चुआंगबाई हे सगळं मिनच्या कानाशी कोरियनमध्ये सांगत होत्या. खेळ चिनी भाषेत आणला तो त्यांनीच. आज दुभाष्याचं कामही त्यांच्याकडेच होतं.

"आणि त्या आईचं वाक्य," टेम्पोवाला म्हणाला. सभागृहातून एक सुस्कारा उठला. कोणीतरी ते वाक्य मोठ्याने म्हटलं, दहा-वीस जणांनी त्यात सूर मिसळला. तीन मुलींच्या टी-शर्टवर तर ते छापलेलंच होतं.

चुआंगबाईंनी ते वाक्य मात्र कोरियनमध्ये सांगितलं नाही.

"काय म्हणताहेत?" मिनने विचारलं.

"पाचवा अध्याय, सर. नायक मेलेल्या मुलाची तलवार घेऊन त्याच्या आईच्या दारात येतो. आई तलवार घेते, दाराआड उभी करते, आणि त्याला विचारते, 'तू जेवलास का?'"

"हे मी लिहिलेलं नाही."

"नाही, सर." बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ते मी घातलं. तुमच्या कंपनीला दोनदा कळवलं होतं. उत्तर आलं नाही."

टेम्पोवाला बोलतच होता. बाईंनी मान खाली घालून तेही सांगितलं. "ते म्हणताहेत, तिथे मी खेळ बंद केला आणि आईला फोन लावला. तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं."

वाक्य वाईट असतं तर मिनने हसून सोडून दिलं असतं. त्याच्या स्वतःच्या आईनेही जन्मभर दुसरं काही विचारलं नव्हतं. साठ तासांच्या कथेत एकदाही त्याला ते सुचलं नाही, आणि या बाईला सुचलं. तेही त्याच्याच खेळात.

"यांना सांगा," तो म्हणाला, "ते वाक्य माझं नाही. भाषांतर करणारीने आपल्या मनाने घुसडलंय. शब्द न् शब्द सांगा. एकही गाळू नका."

चुआंगबाईंनी माईक हातात घेतला. त्या मध्ये न थांबता बोलल्या. काय सांगितलं ते मिनला कळायचा मार्ग नव्हता. तो माणसांचे चेहरे बघत राहिला. ते बदलले, मात्र त्याला हवे होते तसे नाही.

टेम्पोवाला टेबलाजवळ आला. खेळाचा खोका त्याने मिनसमोर ठेवला होता, तो दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला, चुआंगबाईंपुढे ठेवला.

"मी नाही," त्या म्हणाल्या. "सही लेखकाची घ्यायची असते."

"तेच तर म्हणतोय," टेम्पोवाला म्हणाला.

बाईंनी कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव लिहिलं. मागचा विद्यार्थी, तो झोप येणारासुद्धा, त्यांच्याकडेच वळला. मग टी-शर्टवाल्या तिघी. सह्यांची रांग वीतभर बाजूला, बाईंपुढे सरकली, तेवढीच. मिन पेनाचं टोपण काढून बसून होता. एका मुलीने जाताना त्याला अननसाच्या वड्यांचा डबा दिला आणि वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराने त्याचे कान तापले.

मग एक पिकल्या केसांची बाई नेमकी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने काहीतरी विचारलं.

"या विचारताहेत," चुआंगबाई म्हणाल्या, "तिथे मुळात काय होतं?"

मिन म्हणाला, "तीन टिंबं."

"म्हणजे आई काहीच बोलत नाही?"

"नाही. तलवार घेते आणि दार लावते."

चुआंगबाईंनी सांगितलं. म्हाताऱ्या बाईने आपल्या खोक्यावर हात ठेवला आणि ती जेमतेम तीन-चार शब्द बोलली. चुआंगबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग मिनकडे वळल्या. त्यांचं कोरियन मात्र बरंच लांबलं.

"त्या म्हणतात, हेच खरं आहे. त्यांचा मुलगा गेला तेव्हा दारात आलेल्या माणसाशी त्याही एक शब्द बोलल्या नव्हत्या. दार लावून घेतलं होतं. हे ज्याने लिहिलं, त्याची सही मला हवी, असं म्हणतात."

म्हातारी खोका पुढे करून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

मिनने हळूच विचारलं, "त्या खरंच असं म्हणाल्या?"

"सही करा, सर," चुआंगबाई म्हणाल्या. "रांग खोळंबलीय."