सैल टॅपेट

इंजिन गार झालं तसं धाकट्याने व्हॉल्व्हवरचं झाकण उघडलं. तापलेल्या इंजिनात टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दट्ट्याची, फट मापायची नसते, माप चुकतं, हे त्याला दादानेच शिकवलं होतं. दादाची ही जुनी ब्रिटिश रेसची मोटरसायकल. आज ती न्यायला गिऱ्हाईक येऊन मागच्या अंगणात बसलं होतं.

“बाकी सगळं झकास आहे,” गिऱ्हाईक म्हणालं, “पण ती टकटक तेवढी घालवा.”

टकटक सकाळी धाकट्यानेही ऐकली होती. इंजिन सुरू केलं आणि मागून खट्कन आवाज आला. वळून बघतो तर घराचं मागचं दार सताड उघडं. दारात कुणीच नव्हतं. कडी नीट बसली नसेल, असं म्हणून त्याने ते लोटून घेतलं होतं.

धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा टॅपेट दादा मुद्दाम सैल ठेवायचा; त्याचीच ही टकटक. त्यावरून दोघांची कायम जुंपायची. “दादा, हे इंजिन आहे की शिवणयंत्र?” धाकटा विचारायचा.

“टॅपेट बोलतोय तोवर बरं आहे,” दादा म्हणायचा. “गप्प बसला की व्हॉल्व्ह जळाला समज.”

दादा गेला आणि भांडणही अर्धवट राहिलं. धाकट्याने मापाची पातळ पाती फटीत सरकवली, स्क्रू फिरवला, नट कसला. पुस्तकात दिलेलं माप, केसभरही इकडेतिकडे नाही. बघ दादा, असा लावतात टॅपेट, असं तो मनात म्हणालासुद्धा.

गिऱ्हाईक गाडी घेऊन चक्कर मारायला गेलं. धाकटा हात धुवायला स्वयंपाकघरात आला. वहिनी ओट्यापाशी भांडी पुसत होती. गाडी विकायचं तिनेच ठरवलं होतं. दादाच्या गाडीच्या शेडकडे बघवत नाही म्हणाली होती.

मोटरसायकल कोपऱ्यावरून वळली आणि मागच्या दारापाशी येऊन थांबली. इंजिन एका लयीत चाललं होतं. टकटकीचा मागमूस नव्हता.

वहिनीने मान वर केली. “भाऊजी, बघा बरं कोण आलंय. कुणाची तरी गाडी थांबलीय दारात.”

“आपलीच आहे, वहिनी.”

तिच्या हातातली थाळी हातातच राहिली. तिने कान देऊन ऐकलं, मग मागच्या दाराकडे पाहिलं. दादा कोपऱ्यावर वळला की ती टकटक घरात ऐकू यायची, आणि गाडी पोचायच्या आत वहिनीने कडी काढलेली असायची. सकाळी कडी कुणी काढली ते धाकट्याला आत्ता कळलं.

“मी परत सैल करतो,” तो म्हणाला. “त्यांना थांबवतो थोडा वेळ. इंजिन गार झालं की लगेच करतो.”

वहिनी दारापाशी गेली. कडी लागलेलीच होती. तरी तिने ती हाताने चाचपून पाहिली.

“राहू दे, भाऊजी,” ती म्हणाली. “सकाळी मी धावत येऊन कडी काढली. आता नाही व्हायचं तसं.”