आठवं घर

जुनी चित्रं साफ करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. या खेपेला टेबलावर डोंगरातलं एक गाव होतं, आमच्या हॉलंडातल्या हार्लेमच्याच कुणा चित्रकाराने शंभर वर्षांपूर्वी आल्प्समध्ये जाऊन रंगवलेलं. ठिपक्याठिपक्यांचं ऊन, वर बर्फाची कड, आठ घरं आणि सगळ्यांच्या खिडक्या उघड्या.

सोमवारी कापसाच्या बोळ्याने वार्निशचा पिवळा थर काढला, तर एका घराच्या खिडक्यांच्या झडपा बंद दिसल्या. मंगळवारी तीन घरांच्या.

"अलेइडा, माझ्या बोळ्याला रंग लागलेला नाही, तरी चित्र बदलतंय."

"अरे, आधी चष्मा पूस," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "नाहीतर कुणी गेलं असेल त्या गावात. शेजाऱ्यांनी झडपा लावून घेतल्या असतील बिचाऱ्यांनी."

आमच्या गल्लीत ती रीतच आहे. एरवी सगळ्यांचे पडदे उघडे असतात. कुणाच्या घरी मयत झाली, की शेजारीपाजारी ते ओढून घेतात.

गुरुवारी आठवं घर तेवढं उघडं राहिलं होतं. शुक्रवारी सकाळी तेही मिटलं. मी बोळा खाली ठेवला.

"कॉफीचं पाणी ठेवलंय रे!" अलेइडाने हाक मारली.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या फ्राऊकेबाई लख्ख उन्हात पडदा ओढत होत्या. मग त्यांच्या शेजारचे. मग त्यांच्या पलीकडचे. पडदा ओढताना प्रत्येक जण आमच्या घराकडे बघून मान खाली घालत होता.

"अगं, कोण गेलं?" मी ओरडून विचारलं.

आत किटलीची शिट्टी वाजायला लागली. वाजतच राहिली.